साबण लावलेली माणसं

"जगाला मुलगे कसे वाढवायचे ते शिकवत फिरतेस, आणि घरातला एक तुला आवरत नाही!"

"मी वाढवलाय का त्याला? तू वाढवलायस!"

"मी एकटीने वाढवला?"

"मग काय बाबांनी वाढवला? बाबा जागे असतात कधी?"

हे सगळं कुजबुजत चाललं होतं. आमच्या घरात भांडणंसुद्धा कुजबुजत होतात, कारण बाबा आतल्या खोलीत झोपलेले असतात. ते शीतगृहात रात्रपाळी करतात, रात्रभर खोकी उचलतात आणि सकाळी येऊन आडवे होतात. त्यामुळे आई आणि ताई दातओठ खाऊन, हातवारे करून, आवाज न करता भांडतात. लांबून बघणाऱ्याला वाटेल दोघी मुक्या आहेत.

आणि भांडण होतं माझ्यावरून. मी तिथेच दारात बसून बुटाची नाडी बांधत होतो, पण मला कोणी काही विचारत नव्हतं. बिघडलेल्या पंख्यावरून भांडावं तसं चाललं होतं. आधी बरा होता, आता आवाज करतो, तू वेळेवर लक्ष दिलं नाहीस, वगैरे.

झालं असं होतं की माझा कामाचा शर्ट वाळला नव्हता. मी विचारलं, शर्ट का नाही वाळला. ताई म्हणाली, ढगाला विचार. माझं डोकं सटकलं, मी बादलीला लाथ घातली. बादली प्लास्टिकची, तडकली. पाणी दाराखालून जिन्यात आणि जिन्यातून खालच्या मजल्यावर. खालची शिवणकामवाली वर आली. तिने ओला कपडा हातात धरून ताईकडे बघितलं आणि गोड आवाजात म्हणाली, "तुझं भाषण ऐकायला मागच्या वेळी मी आले होते हं. छान बोललीस." एवढं बोलून गेली. त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

म्हणून आई ताईवर घसरली. माझ्यावर नाही. माझ्यावर घसरायचं आईने कधीच सोडून दिलंय.

ताई फडक्याने फरशी पुसत होती. पुसता पुसता थांबली आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, "मी खोली बघितलीये. केंद्राच्या मागच्या गल्लीत. हा महिना संपला की जाते."

आई ओल्या फरशीवरच बसली. मी नाडीला गाठ मारली, ती चुकीची बसली, आणि तशीच घेऊन मी खाली उतरलो. मला कोणी हाक मारली नाही.

*

ताई काय काम करते ते सांगतो. आमच्या भागात एक केंद्र आहे. तिथून ती घरोघर जाते, सभा घेते. विषय एकच : मुलगे कसे वाढवायचे. मुलगी कशी वाढवायची ते सगळ्यांना सांगून झालंय, मुलग्यांचं कोणी बोलतच नाही, ते आपोआप वाढतात असं लोकांना वाटतं, असं केंद्रातल्या तिच्या मोठ्या बाई म्हणतात. ताईकडे चित्रांचे मोठे तक्ते आहेत. एका चित्रात मुलगा पडलाय, गुडघ्यातून रक्त, आणि बाप बोट दाखवून काहीतरी सांगतोय. खाली लिहिलंय, हा बाप काय म्हणत असेल?

मी एकदा म्हटलं होतं, "म्हणत असेल, बूट फाडलास ना?"

ताई हसली नव्हती. तिने ते कुठेतरी लिहून घेतलं. म्हणून मी तिच्यासमोर बोलणं कमी केलं. असलं काम करणाऱ्या बायकांची ही सवय वाईट, आपण घरात थुंकलो तरी त्यांचा मुद्दा होतो.

सभा होतात सार्वजनिक हॉलमध्ये. खुर्च्या लावायला मी दोनदा गेलोय, म्हणून मला माहीत आहे. बायका येतात. त्यातल्या निम्म्या खुर्चीत टेकल्या टेकल्या पेंगतात, कारण दिवसभरात तेवढंच बसायला मिळतं. पुरुष येत नाहीत. एकदा एकजण आला, तो पंखा दुरुस्त करायला आला होता. ताई त्यालासुद्धा बसा म्हणाली. तो म्हणाला, बाई, मला तिन्ही मुलीच आहेत, आणि शिडी उचलून गेला.

सभा करून ताई घरी यायची तेव्हा तिचा घसा बसलेला असायचा. पिशवी खांद्यावरून न काढता ती ओट्यापाशी उभी राहायची, जणू विसरलीये की पिशवी आहे. एकदा फोनवर मोठ्या बाईंना म्हणत होती, "दमले हो मी. भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं. ज्यांनी ऐकायला हवं ते येतच नाहीत."

हे मी माझ्या कानांनी ऐकलं होतं. त्यामुळे खोलीचं ऐकल्यावर मी रस्त्याने चालता चालता हिशोब लावला. ताई दमलीये. का दमलीये? कारण पुरुष ऐकत नाहीत. पुरुषांनी ऐकलं तर ती दमणार नाही. दमली नाही तर जाणार नाही. सोपं होतं. पुरुष गोळा करायचे.

आणि पुरुष कुठे असतात ते माझ्यापेक्षा जास्त कोणाला माहीत?

*

शाळा सोडल्यापासून मी मामाच्या केशकर्तनालयात आहे. तीन खुर्च्या, तीन आरसे, पण न्हावी एकच, मामा. दुसरा कारागीर होता, तो भांडून गेला. माझ्या हातात मामा अजून वस्तरा देत नाही. म्हणतो, "तुझ्या हातात वस्तरा म्हणजे गिऱ्हाइकाच्या घरच्यांना आधी विचारावं लागेल." मी केस झाडतो, टॉवेल धुतो आणि साबण लावतो. साबण मात्र मी असा लावतो की लोक मामाला सांगतात, पोरगं साबण झकास लावतं.

साबण लावणं म्हणजे नुसता ब्रश फिरवणं नाही. फेस घट्ट झाला पाहिजे, ब्रश केसांच्या उलट्या दिशेने गोल फिरला पाहिजे, खाली गळ्यापर्यंत. आणि बोटांना माणूस कळतो. घाबरट माणूस गळा आत ओढतो. चिडलेल्या माणसाचा जबडा दगडासारखा लागतो. झोपलेल्याची कातडी सैल असते, ब्रशबरोबर हलते. ते मला मामाने शिकवलं, कारण झोपलेल्या माणसाला वस्तरा लावायच्या आधी उठवावं लागतं. दचकला तर गळा कापला जायचा.

रविवारी सकाळी दुकानात पुरुषच पुरुष. काचवाला, ट्रकवाला, औषधाच्या दुकानातला टकलू, निवृत्त पोस्टमन. आणि बाबा. बाबा रविवारी पहाटे पाळीवरून परस्पर दुकानात येतात, खुर्चीत बसतात आणि डोळे मिटतात. मेव्हण्याच्या दुकानात तेवढा हक्क.

मी मामाला म्हटलं, "ताईला रविवारी दुकानात बोलू दे."

मामा वस्तऱ्याला धार लावत होता. "इथे? बाईमाणूस?"

"बाईमाणूस नाही, ताई आहे. तुझी भाची."

"धंदा बसवशील. लोक इथे बायकोपासून लांब बसायला येतात. त्यांना इथेही कोणी शिकवायला लागलं तर उठून जातील."

"साबण लावलेला माणूस उठून जात नाही, मामा."

मामाचा हात थांबला. आरशातून त्याने माझ्याकडे बघितलं. मग खांदे उडवून हसला. मामा दमलेला असला की हसून हो म्हणतो. नाही म्हणायला जास्त ताकद लागते.

ताईला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "तुला काय मिळणार यातून?"

"काही नाही. तू ये फक्त."

"माझ्यावर उपकार करायचे म्हणून करतोयस?"

"तू येणार आहेस का नाही?" मी ओरडलो. आतून बाबा खोकले.

ती आवाज खाली आणून म्हणाली, "येते."

*

रविवारी मी घाई केली. माझी चूक झाली असेल तर तेवढीच.

ताई तक्ते घेऊन आली तेव्हा दुकान भरलेलं होतं. मला भीती वाटली की ती तोंड उघडेल आणि एकेक जण सटकेल. मामा पोस्टमनचं कटिंग करत होता, तो कटिंगला फार वेळ लावतो, कारण पोस्टमनला एकेक केस मोजून कापून हवा असतो. मी गरम पाणी घेतलं आणि साबण लावायला सुरुवात केली. खुर्चीतल्यांना लावला. मग बाकावरच्यांनाही लावला.

ट्रकवाला म्हणाला, "अरे, माझा नंबर अजून..."

"भिजू दे काका, दाढी राठ आहे तुमची." आणि ब्रश तोंडावर. तोंडात फेस गेला की माणूस बोलत नाही.

काचवाल्याला लावला. टकलूला लावला, त्याला डोक्यावर केस नाहीत पण गालावर जंगल आहे. बाबा आधीच खुर्चीत मागे डोकं टाकून होते, त्यांनाही लावला. दोन मिनिटांत दुकानात सगळ्यांची तोंडं पांढरी. फक्त डोळे दिसत होते. अशा तोंडाने रस्त्यावर कोण जाणार? समोर भाजीवाली बसते, तिची जीभ सगळ्यांना माहीत आहे.

मामाने वळून बघितलं आणि कंगवा त्याच्या हातातून पडला. "अरे भडक्या! एवढ्या लोकांच्या दाढ्या कोण करणार? माझा बाप?"

दुकानात मला भडक्या म्हणतात.

मी ताईला म्हटलं, "बोल."

ताईने त्या सगळ्या पांढऱ्या तोंडांकडे बघितलं. मला वाटलं हसेल. ती हसली नाही, पण तिचा चेहरा जरा सुटला. तक्ते तिने उघडलेच नाहीत. भिंतीला टेकून ती उभी राहिली आणि म्हणाली, "काका, तुम्ही लहान असताना शेवटचं कधी रडलात, आठवतं का? मला सांगू नका. फक्त आठवा."

कोणी हलेना. फेसातल्या बुडबुड्यांची बारीक चरचर ऐकू येत होती.

"आणि तेव्हा तुम्हाला कोण काय म्हणालं होतं, ते आठवा."

ट्रकवाल्याने डोळे बारीक केले. टकलू छताकडे बघायला लागला. मी बाबांच्या खुर्चीमागे उभा होतो. त्यांचे डोळे मिटलेले. पोस्टमन बापडा, त्यालाच एकट्याला साबण नव्हता, तो म्हणाला, "मला वडिलांनी अंधाऱ्या कोठीत कोंडलं होतं." मग गोंधळून म्हणाला, "माझं कटिंग चालू आहे ना?"

ताई बोलत राहिली. भाषण नव्हतं ते. घरात कशी बोलते तशी. म्हणाली, मुलगा चिडला की आपण म्हणतो तापट आहे, मुलगी चिडली की म्हणतो वळण नाही. मुलाला भूक लागली की सगळं घर हलतं, पण त्याला भीती वाटली तर घरात कोणाला कळतही नाही, कारण भीती वाटली हे सांगायला त्याच्याकडे शब्दच नसतात. मग तो लाथ मारतो. दाराला, बादलीला, माणसाला.

माझे कान गरम झाले. बादली आमची होती. तिने नाव घेतलं नव्हतं, पण बादली आमची होती. मी ब्रश वाडग्यात आपटणार होतो. मग पुन्हा म्हटलं, जाऊ दे, ऐकतायत ना लोक. ऐकू देत.

काचवाल्याचं पोरगं आलं होतं केस कापायला. लहान आहे, म्हणून खुर्चीच्या दोन हातांवर फळी टाकून त्यावर बसवतात. मामाने पोस्टमनला कसंबसं संपवलं आणि मशीन हातात घेतलं. मशीन सुरू झालं तसं पोरगं मान आत ओढून रडायला लागलं. दर वेळी रडतं. आणि दर वेळी काचवाला बाकावरून ओरडतो, "पोरीसारखा काय रडतोस? बस सरळ!" सगळे हसतात, पोरगं अजून रडतं, मग गपकन गप्प होतं, आणि कान लाल.

आज सगळ्यांनी काचवाल्याकडे बघितलं. मीपण.

त्याच्या तोंडावरचा फेस वाळून पापुद्रे धरायला लागला होता. तो म्हणायला गेला, "पोरी..." आणि फेस तोंडात गेला. त्याने थू करून हातरुमालाने पुसलं. पोराकडे बघितलं. मग म्हणाला, "मामा, मशीन बंद कर. कात्रीने काप त्याचे. घाबरतोय तो."

मामाने मशीन बंद केलं. पोरगं रडायचं थांबलं नाही लगेच. पण बापाकडे बघत रडत होतं, आरशात नाही.

काचवाला उठून त्याच्याजवळ गेला, फळीपाशी उभा राहिला, आणि सगळे आपल्याकडे बघतायत हे लक्षात आल्यावर ओरडला, "काय बघताय? आणि हा साबण कोणी काढणार आहे का? आग होतेय तोंडाची!"

मग एकच गलका. ट्रकवाला म्हणाला माझी कातडी निघाली, टकलू म्हणाला औषध माझ्याच दुकानातून घ्या. मामा मला शिव्या घालत एकेकाला ओला टॉवेल देत होता. मी धावत पाणी आणत होतो आणि मनात नाचत होतो. जाताना काचवाला ताईपाशी थांबला. हळू म्हणाला, "रात्री अंथरूण ओलं करतो तो. त्याच्यासाठी काय करायचं असतं?" ताई त्याला दुकानाच्या पायरीवर घेऊन बसली आणि बराच वेळ बोलली.

बाबांची दाढी शेवटी झाली. मामा म्हणाला, "उठव त्यांना." मी त्यांच्या गालावर पुन्हा ब्रश लावला, आधीचा फेस पार वाळला होता. कातडी सैल नव्हती. जबडा घट्ट होता. मी ब्रश फिरवत राहिलो, उठा म्हटलं नाही. त्यांनीही डोळे उघडले नाहीत.

*

घरी आलो तेव्हा मी हवेत होतो. आई कामावरून आली होती. ती धुलाईच्या कारखान्यात दवाखान्याच्या चादरी घड्या घालते, रविवारी अर्धा दिवस असतो. मी उंबऱ्यावर बसून तिला सगळ्यांच्या नकला करून दाखवायला लागलो. टकलू कसा छताकडे बघत होता, ट्रकवाला कसा गाल फुगवून बसला होता. आई हसून हसून दमली. ताई माझ्यामागोमाग आली, खांद्यावर पिशवी, हातात तक्त्यांची गुंडाळी.

"आणि मग काचवाला म्हणतो... ताई, पाणी दे ना... म्हणतो, आग होतेय तोंडाची!"

ताईने पाणी दिलं. मी एका दमात प्यालो, बोलता बोलता भांडं मागे धरलं. तिने घेतलं. मागे नळाचा आवाज आला, भांडं विसळल्याचा. मग आतून, बाबांच्या पलंगाखालून, पत्र्याची पेटी ओढत आणल्याचा.

मी वळलो. "काय करतेस?"

"सांगितलं होतं ना."

"महिना संपायचा आहे अजून."

"आजच जाते. चावी मिळालीये."

"पण आज तर सगळं झालं ना! ऐकलं ना सगळ्यांनी! मी लोकांना बांधून ठेवलं तुझ्यासाठी!"

"हो. दुकानात झालं." ती कपडे भरत होती, भराभर नाही, हळू हळू, एकेक. "खूप चांगलं झालं. खरंच सांगते."

"मग?"

आईचं हसू कधीच गेलं होतं. ती भिंतीला पाठ लावून म्हणाली, "तू आत्ता काय मागितलंस?"

"कधी?"

"आत्ता."

मला कळेना. मग कळलं. "पाणी मागितलं म्हणून घर सोडून जातं का कोणी?"

"पाण्याचं नाही रे," ताई म्हणाली. "तू बघितलंस पण नाहीस कोणाकडे मागतोयस. खांद्यावर माझी पिशवी होती."

"मग सांगायचं ना! तोंड नाही का तुला? दुकानात एवढं बोललीस!"

"तिथे बोलले, कारण घरी जाऊन झोपता येईल असं वाटत होतं." ती पेटीवर बसली. "मी दिवसभर लोकांना सांगते, मुलाला सगळं हातात देऊ नका, आणि घरी येऊन तेच करते. मला आता दोन्ही जमत नाही. एक काहीतरी सोडायला हवं. काम सोडू?"

मी पेटीला लाथ मारायला पाय उचलला. ती पेटीवर बसली होती. पाय तसाच खाली ठेवला. काही कळत नव्हतं काय करू. आई म्हणाली, "मीच शिकवलं त्याला. भाऊ आलाय, बघ त्याला काय हवंय, असं मीच तुला म्हणायचे. लहानपणापासून." आई रडत नव्हती. चादर घडी घालताना जसा चेहरा असतो तसा होता, सपाट.

"तुला कोणी शिकवलं?" ताईने विचारलं.

आईने हात झटकला. त्याला काय शेवट आहे, असं.

पेटी जड होती. ताई एकटीने उचलायला लागली. मी म्हटलं, "ठेव." आणि मी उचलली. रस्त्यात मी ती दोनदा खांदा बदलून नेली. खोली छोटी आहे, खिडकीत शेजारच्या इमारतीची भिंत. एक खाट, एक हंडा. मी पेटी ठेवली आणि म्हटलं, "मी काय वाईट आहे का?"

ताई खाटेवर आडवी झाली, चपला पायात तशाच. डोळे मिटून म्हणाली, "नाहीस. पण मला झोपू दे." आणि खरंच झोपली. मी चपला काढून खाली ठेवल्या. दार ओढून घेतलं.

*

संध्याकाळी बाबांना उठवायचं काम ताईचं होतं. त्या दिवशी मी गेलो. ते आधीच उठून बसले होते, पलंगाखालच्या रिकाम्या जागेकडे बघत.

"तिची पेटी कोणी नेली?"

"मी."

"मला सांगायचं नाही?"

"तुम्ही झोपला होता."

त्यांनी तोंडावरून हात फिरवला. शीतगृहामुळे त्यांचे हात कायम गार असतात, मला लहानपणापासून आठवतंय. म्हणाले, "नव्हतो." मग शर्ट घालून कामावर गेले.

त्यानंतर घर कसं चाललंय ते विचारू नका. मी भात करतो, तो एकदा खाली लागतो आणि एकदा कच्चा राहतो. आई म्हणते राहू दे, मी करते, आणि उभ्या उभ्या तिचे डोळे मिटायला लागतात, मग मला चीड येते आणि मी तिला बस म्हणून ओरडतो. ओरडल्यावर शिवणकामवाली खालून कान लावत असेल असं वाटतं. शर्ट मी स्वतः धुतो. अजूनही वाळत नाही वेळेवर. ढगाला विचारतो. कंटाळा येतो सगळ्याचा. हे सगळं ताई कामावर जाऊन, येऊन करायची, आणि मला वाटायचं ती नुसती घरात असते.

ती रविवारी दुकानात येते. काचवाला आता दुसऱ्या दोघांना घेऊन येतो. मामा म्हणाला आहे की साबण एका वेळी एकालाच. ताई माझ्याशी बोलते, चहा पिते, पण घरी ये म्हटलं की म्हणते, बघू. मोठ्या बाईंनी तिला पुढे बस डेपोतल्या चालकांच्या खोलीत बोलायला बोलावलंय. ती आता बरी दिसते. झोप झालेल्या माणसासारखी. ते बघून बरं वाटतं आणि रागही येतो.

आज मधल्या वारची दुपार आहे, दुकानात शुकशुकाट, म्हणून बाकावर बसून लिहितोय. मामा खुर्चीत घोरतोय. आणि आत्ता, ज्या वेळेला त्यांनी गाढ झोपेत असायला हवं, बाबा दुकानाच्या पायरीशी येऊन उभे राहिलेत. कामाचे नाहीत, चांगले कपडे घातलेत. दाढी वाढलीये.

म्हणाले, "तिची खोली कुठे आहे, तुला माहीत आहे."

मी म्हटलं, "आहे."

"दाखव."

माझा आवाज चढला, मामा झोपेत कुशीवर वळला. "तिला परत आणायला येणार असाल तर मी दाखवणार नाही. मारलंत तरी नाही. ती झोपते तिथे. नीट झोपते."

एवढं मी बाबांना आयुष्यात बोललो नव्हतो. ते रस्त्याकडे बघत राहिले. ऊन होतं, त्यांना उन्हाची सवय नाही, डोळ्यांवर हात धरला होता.

"आणायला नाही," ते म्हणाले.

"मग कशाला?"

ते चपलेने पायरीवरची केसांची गुंडाळी बाजूला करत राहिले. मग म्हणाले, "येतोस का?"

आत्तापर्यंत मला ते फक्त "चल" म्हणायचे. पायरीवर उभे आहेत ते अजून. मी काय म्हणतो त्याची वाट बघतायत, आणि पाळीची वेळ व्हायच्या आत त्यांना थोडी तरी झोप लागायला हवी. मला आता निघायला हवं.